देशकरकाकूंचा वर केलेला हात

फळ्यापाशी उभं असलेलं मूल बोलता बोलता अडलं, की देशकरकाकूंचा डावा हात वर जायचा. खांद्याच्या उंचीपर्यंत, पंजा उघडा, बोटं जुळलेली. चेहरा मुलाकडे आणि हात बाकीच्या जगाकडे. अर्थ एकच: आता कुणीही बोलायचं नाही. मागच्या बाकावरून उत्तर पुरवणारा मित्र असो, ऑफिसातून निरोप घेऊन आलेला कारकून असो किंवा खुद्द मुख्याध्यापक असोत, त्या हाताचा कायदा सगळ्यांना सारखाच लागू होता. विचार करणाऱ्या मुलाची शांतता ही त्या मुलाची मालमत्ता आहे, आणि मदतीच्या नावाखाली ती हिरावून घेणं ही चोरीच, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

मिशिगनमधल्या ॲन आर्बरला मी जीवसांख्यिकीत पीएच.डी. करत होते त्या काळात, २००४ ते २००७ या वर्षांत, हा हात मी जवळून पाहिला. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हे माझ्या विषयाचं पहिलं पथ्य आहे. काकूंविषयी लिहिताना ते पथ्य मी समजून उमजून बाजूला ठेवते आहे.

आमची ओळख तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत झाली. भाड्याने घेतलेल्या एका शाळेच्या उपाहारगृहात श्रीखंडाची पातेली मांडलेली होती आणि काकू हातात डाव घेऊन पंगतीचा अंदाज बांधत होत्या. कॉर्डुरॉयची पँट, त्यावर रेशमी कुर्ता, कपाळावर ठसठशीत टिकली, पायात बर्फात चालण्याचे बूट, तेही सप्टेंबरमध्ये. मी वाट्या मांडत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “चोवीस दिढे किती?”

मी क्षणभर थांबले. क्षणभरच; पण तो त्यांनी टिपला.

“पुण्याची का गं तू?”

“हो.”

“तरीच. उत्तर येतं तुम्हाला, पण समोरच्याला सांगावं की नाही याचा आधी विचार करता.” मग डाव माझ्या दिशेने रोखून म्हणाल्या, “छत्तीस. काय शिकून राहिली इथे?”

मी विषय सांगितला. त्या मनापासून हसल्या. “आकड्यांची डॉक्टर होऊन राहिली आणि दीडकी येत नाही. मंगळवारी दुपारी काय करून राहिली तू?”

अशा रीतीने मी त्यांच्या वर्गात दाखल झाले. मदतनीस म्हणून, विनावेतन आणि विनाविलंब.

तो वर्ग बसच्या शेवटच्या थांब्याजवळच्या एका हायस्कूलमध्ये, शाळा सुटल्यावर भरायचा. इथल्या शाळेत विषय पास झाला की त्याचं क्रेडिट मिळतं, आणि ठरलेली क्रेडिट्स पुरी झाल्याशिवाय डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचा दाखला, मिळत नाही. नापास होऊन गमावलेलं क्रेडिट पुन्हा कमावण्यासाठी जो वर्ग असतो त्याला क्रेडिट रिकव्हरी म्हणतात. काकू तिथे बीजगणित शिकवायच्या. नागपूरला त्या एम.एस्सी. करून कॉलेजात शिकवत होत्या. काकांना डेट्रॉइटजवळ मोटारींच्या कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली म्हणून इकडे आल्या, आणि इथल्या शिक्षकपदाचा परवाना मिळवण्यासाठी चाळिशीत पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. हुशार मुलांचे वर्ग त्यांना सहज मिळाले असते. त्यांनी हा मागून घेतला. कारण विचारलं तर म्हणायच्या, “हुशार पोट्टे माझ्याशिवायही शिकतात. मग माझा उपयोग काय?” नम्रता हा त्यांचा गुण नव्हता. आपण उत्तम शिक्षिका आहोत हे त्या, बाहेर थंडी आहे असं सांगावं तितक्या साधेपणाने सांगत.

मुलांशी त्या इंग्रजीत बोलत, नागपुरी ठेक्याच्या ठाम इंग्रजीत. ते संवाद मी इथे मराठीतच देते. पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारलं, “तुम्हाला नुसतं मिसेस डी म्हटलं तर चालेल?”

“शेजारच्या गावाचं नाव काय रे?”

“इप्सिलान्टी.”

“ते म्हणता येतं, तर देशकरही म्हणता येईल.”

दोन आठवड्यांत सगळी मुलं देशकर म्हणू लागली. फक्त त्यांचा र अखेरपर्यंत जरा जास्तच गोल राहिला.

पहिल्या दिवसाचं त्यांचं भाषण एका वाक्याचं असे: “नापास हा शेरा आहे, पत्ता नाही. तिथे राहायला जाऊ नका.” मग त्या एकेका मुलाजवळ बसून एकच प्रश्न विचारायच्या. काय येत नाही, हा तो प्रश्न नव्हे. “कुठपर्यंत येत होतं?” हा तो प्रश्न. सतरा वर्षांची मुलं या प्रश्नाने गोंधळत, कारण त्यांना तो आधी कुणी विचारलेलाच नसे. मग ती मनातल्या मनात मागे मागे चालत जात. त्या वर्षी शॅनन नावाची एक मुलगी तशीच मागे गेली आणि म्हणाली, “पाचवीपर्यंत. मग अपूर्णांक आले आणि मी हात वर करणं सोडलं.”

शॅननला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला डिप्लोमा हवा होता, आणि डिप्लोम्याच्या वाटेत बीजगणित आडवं पडलेलं होतं.

“मग पाचवीपासून सुरू करू,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी फळ्यावर दीडकी लिहिली.

मिशिगनमधली ती मुलं दीडकी म्हणत असताना मी ऐकलेली आहेत. एक दिढे दीड, दोन दिढे तीन, तीन दिढे साडेचार. दीडकीमागोमाग सवाईचे पाढे आले. फुटबॉलच्या संघातला एक धिप्पाड मुलगा जिन्यावरून उतरताना प्रत्येक पायरीला एकेक दिढे म्हणत असे आणि मित्रांना सांगे की ही गुप्त भाषा आहे. त्यांच्या दृष्टीने ती होतीच. शाळेच्या अभ्यासक्रमात हे बसतं का, असं मी एकदा विचारलं. काकू म्हणाल्या, “अभ्यासक्रमात अपूर्णांक बसतात. ते कोणत्या दारातून आत येतात हे कुठे लिहिलेलं नाही.”

वर्ग सुरू होण्यापूर्वी त्या मोठ्या डब्यातून पोह्यांचा चिवडा वाटत, कारण रिकाम्या पोटी कुणालाही समीकरण सुटत नाही. त्या चिवड्यात शेंगदाणे नसत. शाळेत शेंगदाण्यांना सक्त मनाई होती. कुणाला तरी त्यांची ॲलर्जी असतेच. “शेंगदाण्याशिवाय चिवडा,” त्या एकदा मला गाडीत म्हणाल्या, “या देशासाठी मी काय काय सोडलं ते लिही कधीतरी.” म्हणून लिहिते आहे.

त्यांच्यात एक उणीव होती, आणि ती वगळली तर हे चित्र खोटं होईल. मूल तीच चूक तिसऱ्यांदा करू लागलं की त्यांच्या तोंडून एक सुस्कारा निघायचा. हात वर असे, तोंड बंद असे, शब्द एकही नसे. पण तो सुस्कारा फळ्यापर्यंत पोहोचत असे. त्यांना स्वतःला तो ऐकू येत नव्हता.

२००५च्या शरदात वर्गात संगणक आले. भिंतीला लागून ओळीने मांडले, त्यामुळे मुलांची तोंडं भिंतीकडे आणि पाठी फळ्याकडे झाल्या. मुख्याध्यापक हॅलोरन हे उंच, सौम्य, नेहमी किंचित वाकून बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी काकूंना समजावून सांगितलं: यंदा दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालतील, पुढच्या वर्षापासून क्रेडिट रिकव्हरी फक्त ऑनलाइन. मुलाने आपल्या वेगाने शिकावं, घरून शिकावं, वाचनालयातून शिकावं. प्रत्येक उत्तराची नोंद राहील. शाळा सुटल्यानंतरचा वर्ग मात्र उन्हाळ्यापासून बंद.

परतताना गाडीत मी काकूंना म्हटलं की युक्तिवादात मला दोष दिसत नाही. वेग प्रत्येकाचा वेगळा असतो. तो सांभाळणारी पद्धत तत्त्वतः चांगलीच.

“बरोबर आहे तुझं,” त्या समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. “फक्त त्याच्यात पोट्टे कुठे दिसून नाही राहिले मला.”

त्या संगणकांना त्यांनी त्याच दिवशी नाव दिलं: भैताड डबे. भैताड म्हणजे नागपूरकडे मठ्ठ, बावळट.

वर्ग सोडून डब्याकडे जाणारी पहिली विद्यार्थिनी शॅनन होती. तिला एका वृद्धाश्रमात दुपारची नोकरी मिळाली होती. शाळा सुटल्यावर थांबणं आता शक्य नव्हतं. ऑनलाइन कोर्स तिला सकाळी वाचनालयात बसून करता येणार होता. हे कारण पुरेसं होतं. पण शॅनन सरळ मुलगी होती. दाराशी थांबून तिने दुसरंही कारण सांगून टाकलं.

“आणि मिसेस देशकर, कॉम्प्युटर सुस्कारा टाकत नाही.”

“मी टाकते?”

शॅननने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

“टाकता,” ती म्हणाली. “तो वाईट नसतो. पण तो आला की मला आधीचंही आठवेनासं होतं.”

त्या दुपारी फळ्यापाशी एक मुलगा चौथ्यांदा त्याच ठिकाणी घसरला. काकूंचा हात वर गेला, छाती सुस्काऱ्यासाठी भरून आली आणि तशीच थांबली. श्वास त्यांनी नाकाने, सावकाश, चोरून सोडला. त्यानंतर तो सुस्कारा मी कधी ऐकला नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावरची एक यशस्वी शिक्षिका एका विद्यार्थिनीच्या एका वाक्यावरून आपली वर्षानुवर्षांची सवय मोडते, हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. हॅलोरनसाहेबांकडून त्यांनी विद्यार्थ्याचं लॉगिन मागून घेतलं आणि स्वतः त्या कोर्सला बसल्या. “शत्रूच्या घरी आधी जेवून यावं,” असं त्यांचं म्हणणं. मुलं गेल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या, मी शेजारी. पहिले प्रश्न त्यांनी वाटेतले खडे उडवावेत तसे उडवले. मग एक आला: एका शहराची वस्ती एक लाख आहे, ती पंचवीस टक्क्यांनी वाढली, तर आता किती?

“लाखाची सवाई. सवा लाख,” काकू पुटपुटल्या आणि त्यांनी उत्तर टाइप केलं. पडदा म्हणाला: चूक.

त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला, पुन्हा तेच उत्तर दिलं. पुन्हा चूक. मग पडद्याने त्यांना टक्केवारी म्हणजे काय हे समजावणारी चित्रफीत दाखवली. काकूंनी हाताची घडी घालून ती शेवटपर्यंत पाहिली. तिसऱ्यांदा उत्तर दिलं, आणि डब्याने जाहीर केलं की हा घटक आपल्याला समजलेला नाही. कृपया सुरुवातीपासून पाहा.

मला चूक दिसली होती. सांगण्यासाठी मी तोंड उघडलं तर त्यांचा डावा हात वर गेला. आता तो माझ्यासाठी होता.

बाहेर कुणीतरी व्हरांड्यातली फरशी यंत्राने घासत होतं. त्या आवाजात आम्ही दोघी कितीतरी वेळ बसून होतो. मग काकू पडद्याकडे झुकल्या, आपलंच उत्तर बोटाने चाचपल्यासारखं केलं, आणि हसू लागल्या.

“लाख,” त्या म्हणाल्या. “लाखाचा स्वल्पविराम घातला मी.”

आपल्याकडे लाख तोडतात तसं त्यांनी १,२५,००० लिहिलं होतं. इथे ते १२५,००० असं लिहितात. वीसेक वर्षं या देशात राहूनही बोटं नागपूरचीच राहिली होती.

त्या डब्यावर चिडतील अशी माझी अपेक्षा होती. पण त्या म्हणाल्या, “त्याचं बरोबर होतं. इथल्या रीतीने मी चुकलेच. पण मी कुठे चुकले हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याने विचारलंही नाही. मला टक्केवारी येत नाही असं ठरवून मोकळा झाला. मला माझ्यावर भरवसा आहे म्हणून मी शोधत बसले. शॅननसारखी पोट्टी काय करेल? तिला वाटेल, खरंच येत नाही आपल्याला.”

दुसऱ्या दिवशी त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, “मिस्टर हॅलोरन, तुमच्या कोर्समध्ये मी नापास झाले.” मग सगळी हकिगत सांगितली, हसत, काही न लपवता. मागणी एकच केली: मुलं शिकोत कुठेही, पडद्यावर किंवा वर्गात; पण क्रेडिटवर सही होण्यापूर्वी प्रत्येकाने फळ्यापाशी उभं राहून एक गणित माणसाला समजावून सांगायचं. त्यासाठी वर्ग चालू राहिला पाहिजे.

हॅलोरनसाहेबांनी ऐकून घेतलं. “ज्या मुलाला पडद्याने पास केलं आहे, तो पुन्हा फळ्यापाशी कशाला उभा राहील?” त्यांनी विचारलं. “असा एक विद्यार्थी मला दाखवा. स्वतःहून आलेला. मग बोलू.”

काकू बाहेर आल्या. एखाद्या मुलाला गळ घालणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि उन्हाळा फार लांब नव्हता.

मार्च संपत आला होता. रस्त्याच्या कडेचे बर्फाचे ढीग काळे पडून आकसले होते. एका मंगळवारी शॅनन वर्गात आली. अंगावर वृद्धाश्रमाचा निळा गणवेश होता. तिने ऑनलाइन कोर्स पूर्ण केला होता, उत्तम गुणांनी. काकूंनी तिचं अभिनंदन केलं, चिवडा पुढे केला. तिने तो घेतला नाही.

“स्क्रीन म्हणते मला येतं,” ती म्हणाली. “मला तसं वाटत नाही. काही प्रश्न मी इतक्यांदा सोडवले की उत्तरं पाठ झाली. उद्या मी कुणाच्या तरी औषधाचं मिश्रण मोजणार आहे, मिसेस देशकर. मला खरंच येतं का, ते तुम्ही बघाल?”

“बघेन,” काकू म्हणाल्या. “पण त्या डब्याने तुला काय दिलं, ते आधी सांग.”

“तो थकला नाही. एकच धडा मी कितीतरी वेळा पाहिला.”

“हे मला जमलं नसतं,” काकूंनी ताबडतोब मान्य केलं. मग त्यांनी तिला मुख्याध्यापकांची अट सांगितली आणि म्हणाल्या, “ते बघायला आले तर चालेल तुला? नाही म्हणालीस तरी मी तुझं गणित ऐकणारच आहे.”

शॅननने थोडा विचार केला. “येऊ देत,” ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी हॅलोरनसाहेब मागच्या बाकावर येऊन बसले. तो बाक त्यांच्या उंचीला लहान होता. गुडघे वर आले होते. गणित त्यांनीच निवडलं: वीस टक्क्यांचं एक द्रावण, पन्नास टक्क्यांचं दुसरं, आणि दोन्ही मिसळून तीस टक्क्यांचं सहा लिटर करायचं आहे. पहिलं किती घ्यावं?

शॅननने समीकरण मांडलं. प्रत्येक पायरी ती मोठ्याने सांगत होती. खडू घट्ट धरल्यामुळे तिच्या बोटांची टोकं पांढरी झाली होती. मधल्या एका ओळीत तिच्याकडून उणे चिन्ह निसटलं. मला दिसलं, काकूंनाही दिसलं. शेवटी फळ्यावर उत्तर आलं: उणे चार लिटर. शॅनन थांबली.

“उणे चार लिटर कुणी ओतू शकत नाही,” ती म्हणाली, आणि गप्प झाली.

ती शांतता वाढत गेली. बाक करकरला. “मला वाटतं, तिसऱ्या ओळीत—” हॅलोरनसाहेबांनी सुरुवात केली.

काकूंचा हात वर गेला. मागे वळून न पाहता, खांद्याच्या उंचीपर्यंत, पंजा उघडा. मुख्याध्यापकांचं वाक्य तिथेच राहिलं. त्या हातावर त्या क्षणी काकूंचा सगळा वर्ग तोललेला होता. फळ्यापाशी उभी असलेली मुलगी हरली असती, तर उन्हाळ्यात त्या खोलीत भिंतीला लावलेली यंत्रंच उरणार होती. एक शब्द पुरला असता. त्यांनी तो उच्चारला नाही. सुस्काराही टाकला नाही.

शॅननने फळ्यावरच्या ओळी खालून वर वाचत नेल्या. तिसऱ्या ओळीशी बोट थांबलं. तिने बोटानेच चिन्ह पुसलं, नवं लिहिलं, आणि खाली येत उत्तर दुरुस्त केलं: चार. मग मागे सरून ती म्हणाली, “थांबा, हे दुसरीकडूनही बघता येतं. वीसपासून पन्नासपर्यंतच्या वाटेवर तीस हे एक तृतीयांशावर आहे. म्हणून जास्त कडक द्रावण सहाचं एक तृतीयांश, म्हणजे दोन. आणि पहिलं चार. जुळतं.”

ही दुसरी वाट काकूंनी तिला शिकवलेली नव्हती. पडद्यानेही नव्हती, मी नंतर तपासलं. ती तिची होती. अपूर्णांकांपाशी मुकी झालेल्या मुलीने अपूर्णांकातूनच ती काढली होती.

मागून, अतिशय आदबीने प्रश्न आला. “मिसेस देशकर, आता मी बोलू का?”

काकूंनी हात खाली घेतला. हॅलोरनसाहेब उठले, फळ्याजवळ गेले आणि ती दुसरी पद्धत त्यांनी शॅननला पुन्हा समजावून सांगायला लावली, कारण ती त्यांना पहिल्यांदा कळली नव्हती. तिने सांगितली. ते दाराशी पोहोचले तेव्हा काकूंना म्हणाले, “संगणक राहतील. फळाही राहील. सही फळ्यापाशी.”

गाडीत काकूंनी किल्ली फिरवली. मग म्हणाल्या, “पाहिलं नं तू? कोणाची पोट्टी आहे ती.” त्या वाक्यात प्रश्नचिन्ह नव्हतं.

शॅननला जूनमध्ये डिप्लोमा मिळाला. समारंभाला काकू गर्द जांभळी साडी नेसून, खाली पांढरे कापडी बूट घालून आल्या होत्या, आणि तिचं नाव पुकारलं जाताच इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की काकांनी त्यांच्या कोपराला हळूच हात लावला. त्यांनी काकांचाही हात टाळीला जोडून घेतला.

मी शेवटचं त्यांना पाहिलं ते २००७च्या शरदात. प्रबंध पूर्ण झाला होता, कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला नोकरी लागली होती, सामान खोक्यांत भरून झालं होतं. विमान संध्याकाळचं होतं. वाटेत टॅक्सी शाळेशी थांबवून मी निरोप घ्यायला वर गेले.

वर्गाचं दार उघडं होतं. संगणक आता भिंतीपासून हलवून, मुलांची तोंडं फळ्याकडे होतील असे मांडलेले होते. दोन मुली कानाला हेडफोन लावून धडा पाहत होत्या. माझ्या जुन्या खुर्चीवर निळ्या गणवेशातली शॅनन बसली होती, नर्सिंगच्या वर्गावरून आलेली, मदतनीस म्हणून. फळ्यापाशी एक नवी, बारीकशी मुलगी अर्धवट समीकरणासमोर उभी होती. काकू माझ्याकडे पाठ करून तिच्याजवळ उभ्या होत्या.

मी दारात पाऊल टाकलं आणि म्हणाले, “काकू—”

डावा हात वर गेला. त्या वळल्या नाहीत. मी आले आहे हे त्यांना आवाजावरून कळलं असणारच. आणि मी आज जाणार हेही त्यांना ठाऊक होतं. हात तरीही वरच राहिला.

शॅननने माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

मी थांबले. मुलगी फळ्याकडे पाहत होती. खाली टॅक्सीवाल्याने एकदा हॉर्न वाजवला. ती शांतता माझी नव्हती, तिच्यात बोलण्याचा मला अधिकार नव्हता, हे मी याच खोलीत शिकले होते. दार पूर्ण लोटून न घेता मी मागे सरले आणि जिना उतरू लागले. अर्ध्या जिन्यावर पोहोचले असेन, तेव्हा वरून खडू चालल्याचा आवाज ऐकू आला.